स्वालबार्ड: 'व्हिसा लागत नाही' म्हणणाऱ्यांपासून सावध

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेची आर्क्टिकमधली बेटं. 'स्वालबार्डला व्हिसा लागतच नाही, ऑस्लोपुरता सिंगल एन्ट्री (एकदाच आत शिरता येणारा व्हिसा) काढू,' असं बडोद्याच्या एका व्हिसा एजंटच्या ऑफिसनं तुम्हाला सांगितलंय, हे वाचून माझं डोकं सणकलं. आम्हा दोघांनाही अगदी याच शब्दांत गुंडाळलं होतं.

बेटांना व्हिसा लागत नाही, हे खरं. पण तिथल्या मुख्य गावाला, लाँगइयरब्येनला, विमान जातं ते नॉर्वेतल्या ऑस्लो किंवा ट्रोम्सोहून, आणि स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात, नाही. तिकडे निघालात की शेंगेनबाहेर पडलात. बेटांभोवतीची जहाजाची सफर करून परत ऑस्लोला आलात की ती दुसरी एन्ट्री.

पासपोर्ट आला तेव्हा ह्यांनी स्टिकरवर बोट ठेवलं. एन्ट्रीच्या रकान्यात ०१. ऑफिसात गेलो, तर साहेब चहा ढवळत म्हणतात, "थई जशे काकी, नॉर्वेनुं ज छे ने!" (होऊन जाईल काकी, नॉर्वेचंच आहे ना!) फॉर्मची कॉपी मागितली तेव्हा कळलं, एकच एन्ट्री मागितलेली. वर ऐकवलं काय, तर एम्बसीनं दिलं तेच खरं! नवा अर्ज, पुन्हा फी, तीही आमच्याच खिशातून. जहाजाचे पैसे परत न मिळणारे, तारीख तोंडावर. त्या दिवसांत ह्यांचं बीपी कुठे पोचलं होतं ते विचारू नका.

मी काही एजंट नाही, नियमही बदलतात, दूतावासाची माहिती स्वतः वाचा. पण फॉर्म कोणीही भरो, सही करायच्या आधी तो रकाना तुम्हीच बघा. मल्टिपल मागा, निदान दोन. कव्हरिंग लेटरमध्ये ऑस्लो-लाँगइयरब्येन-ऑस्लो असं तारखांसकट लिहा आणि जहाजाचं बुकिंग जोडा. विम्यात हेलिकॉप्टरनं हलवायचा खर्च आहे का, तेही विचारा.

स्वस्तात मिळतंय म्हणून मोठं जहाज घेऊ नका. २०२५ पासून २०० हून जास्त प्रवाशांच्या जहाजांना तिथल्या संरक्षित भागांत मनाई आहे, आणि बेटांचा बराचसा भाग संरक्षितच. नी-ओलेसुंद या तिथल्या संशोधकांच्या गावात, म्हणजे जिथे २००८ पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे तिथे, वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर इकडे घाबरतात.

आणि तिथल्या पांढऱ्या अस्वलापासून ३०० मीटर लांब राहावं लागतं, मार्च ते जूनमध्ये तर ५००. म्हणून दुर्बीण प्रत्येकी एक घ्या. दोघांत एक पुरेल, असं आम्हालाही वाटलं होतं. अस्वल दिसलं तेव्हा ती ह्यांच्याकडे होती.