रामटेकपर्यंत पाय जातील, आधी तोंड उघडा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वय ४४, शाळेत नोकरी, घरात मिस्टरांची जुनी गिअरची सायकल धूळ खात पडलेली. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सिव्हिल लाइन्स ते रामटेक अशी ५० किलोमीटरची चॅरिटी राइड आहे, कॅन्सरच्या उपचारासाठी नागपुरात येणाऱ्या लहान मुलांसाठी. प्रत्येक सायकलस्वाराने किमान १०,००० रुपये जमवायचे आहेत आणि हाताशी सहा आठवडे आहेत. तुम्ही गुडघे, सीट, गिअर यांवर भरभरून विचारलंत आणि शेवटी एका ओळीत लिहिलंत, "पैसे मागायची सवय नाही, ते पुढे बघू."

मी उलटं सांगते. ५० किलोमीटर होतील. हा रस्ता जवळजवळ सपाट आहे, घाट नाही. ताशी १५ किलोमीटरने गेलात तरी साडेतीन तासांच्या आत पोचाल, चहापाण्याचे थांबे धरून साडेचार-पाच तास. काळजी करायची तर १०,००० रुपयांची करा आणि आजपासून करा.

अशा राइडमध्ये मी सायकल चालवली आहे, आणि आता बऱ्याचदा पाण्याच्या टेबलावर आणि देणग्यांच्या वहीवर बसते. वहीवर बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. दोन महिने सराव करणारी, महागडं हेल्मेट आणणारी मंडळी शेवटच्या रात्री स्वतःच्याच खात्यातून १०,००० पाठवून मोकळी होतात, कारण कुणाकडे मागायला जीभच रेटली नाही. पैसे येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग तुम्ही फक्त महागाची सहल केलीत. तेच पैसे वीस घरांतून आले असते, तर या मुलांबद्दल वीस घरांत बोलणं झालं असतं.

आमच्या चौकातल्या किराणावाल्यांकडे मी पावतीबुक घेऊन गेले, तेव्हा ते तूरडाळ मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, तुम्ही रामटेकले सायकलनं गेल्यानं त्या पोरायचं काय होते जी?" प्रश्न अगदी रास्त. मी सांगितलं, "काहीच होत नाही. तुमच्या पैशानं होतं. सायकल हे तुमच्या दारात यायचं निमित्त." त्यांनी डाळीची पिशवी बांधली, गल्ल्यातून १०१ रुपये काढले आणि मागे उभ्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "काऊन बाप्पा, तुम्ही नाही देत का?" त्यांनीही दिले. हे व्हॉट्सॲपवर होत नाही.

म्हणून पहिला सल्ला, ग्रुपवर पोस्टर टाकून गप्प बसू नका. दीडशे जणांच्या ग्रुपवर चार अंगठे आणि दोन हात जोडलेले येतात, बाकी सारे दुसरा कोणी देईल म्हणून वाट बघतात. एकेकाला फोन करा किंवा भेटा. आधी स्वतःचे हजार रुपये भरा, म्हणजे यादीचा पहिला रकाना रिकामा राहत नाही आणि मागताना आवाजही ठाम येतो. मग आकडा सांगून मागा. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की समोरचा अवघडतो. "पाचशे देशील का?" म्हटलं की तो हो म्हणतो, नाही म्हणतो किंवा दोनशेवर येतो, आणि तिन्ही उत्तरं चालतात. स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांसमोर मागू नका. एखादीचा हप्ता थकलेला असतो, तिला तोंड लपवावं लागतं. आणि आपल्या वर्गातल्या मुलांच्या पालकांकडे अजिबात नको. बाईंनी मागितलं म्हणून दिलेला पैसा देणगीत धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे कशाला लागतात हे मात्र पाठ हवं. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, ल्युकेमिया. त्याच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने तर दवाखान्याच्या जवळच राहावं लागतं. आपल्या मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात), मानेवाड्याच्या तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात, जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये गडचिरोली, चंद्रपूरपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतची कुटुंबं येतात. औषधोपचाराचा बराच भार सरकारी योजना उचलतात. पण नागपुरातली खोली, दोन वेळचं जेवण, दर खेपेचं एसटीचं तिकीट आणि बापाची बुडालेली मजुरी? पैसे संपले की अशी कुटुंबं उपचार अर्धवट टाकून गावी परततात, आणि बरा होऊ शकणारा आजार हाताबाहेर जातो. समोरच्याला हे दोन वाक्यांत सांगता आलं की पुरे. मुलांचे टक्कल पडलेले फोटो दाखवत फिरू नका. ती मुलं उद्या शाळेत जाणार आहेत.

आणि मागण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर लोकांकडे मागूनच धर्मशाळा बांधल्या. मुंबईत दादरला आणि जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांच्या नावाच्या धर्मशाळांत आजही बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक उतरतात. सायकलीचं म्हणाल, तर बाबा आमट्यांच्या १९८५ च्या भारत जोडो यात्रेत तरुण पोरं-पोरी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत सायकलनेच गेली होती. तुम्हाला तर रामटेकलाच जायचंय.

आता हिशेब. देणगी थेट संस्थेच्या खात्यात किंवा संस्थेच्या क्यूआर कोडवर घ्या. स्वतःच्या गुगल पेवर घेऊन नंतर एकरकमी भरणं सोयीचं वाटतं, पण मग कोणाचे किती याचा घोळ होतो आणि पावती देणाऱ्याऐवजी तुमच्या नावाने निघते. देणगीवरची आयकर सवलत, म्हणजे ८०जी, हवी असणाऱ्यांकडून नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक घ्या. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना मुळातच मिळत नाही. हे आधी सांगितलं की मार्चमध्ये कोणी तुमच्यावर डाफरत नाही.

हे सगळं करण्याआधी आयोजकांना काही गोष्टी विचारायच्या. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि ८०जी प्रमाणपत्र दाखवता का? टी-शर्ट, मेडल, नाश्ता, ट्रक यांचा खर्च प्रवेश फीमधून आणि प्रायोजकांकडून निघतो की देणगीतून? नंतर हिशेब कधी देणार? चांगली संस्था ही उत्तरं हसत देते. "तुम्ही भरवसा ठेवा ना ताई" असं ऐकू आलं, तर सायकल चालवा, पण दुसऱ्यांचे पैसे तिथे नेऊ नका.

आता तुमची सायकल. एवढे दिवस पडून असलेली सायकल ओळखीच्या मेकॅनिककडे न्या आणि ब्रेकची रबरं, गिअरच्या वायरी आणि ट्यूब बदलून घ्या. चेन साफ करून तेल लावून घ्या. टायरच्या कडेला रबर भेगाळलं असेल तर टायरही बदला, तिथे काटकसर नको. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. निम्म्या हवेवर चालवून "मला दम लागतो" म्हणणाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सीटची उंची अशी ठेवा की पॅडल खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हावा. बहुतेक बायका पडायच्या भीतीने सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे बोलू लागतात. तुमच्या गुडघ्यांचं निम्मं दुखणं इथेच निघेल असा माझा अंदाज आहे. उरलेलं निम्मं हलका गिअर वापरल्याने. पॅडल भराभर फिरू द्या, ताकद लावून रेटू नका. आधीपासून गुडघ्यांचा काही इलाज चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

जाड जेलचं सीट कव्हर घेऊ नका, तासाभरात जास्तच टोचतं. पॅडवाली सायकल शॉर्ट घ्या, वरून सलवार किंवा ट्रॅक पँट घातली तरी चालतं. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे दुकानदार संकोचाने सांगत नाही म्हणून मी सांगते. चेन उजवीकडे असते, तेव्हा उजव्या पायाची मोहरी मोज्यात खोचा. ओढणी घरी ठेवा.

सराव आठवड्यात दोन दिवस सकाळी तासभर आणि रविवारी लांब. रोजच्यासाठी फुटाळा, लॉ कॉलेज चौक, सेमिनरी हिल्स हा फेरा छान, शहरात चढ म्हणावा असा तिथेच आहे. रविवारी गोरेवाड्यावरून काटोल रोडने जाऊन या. पहिल्या रविवारी १५, मग २०, २५, ३० असं वाढवत न्या. ३५ किलोमीटर हसतखेळत झाले की ५० होतातच, पूर्ण ५० आधी करून बघायची गरज नाही. शेवटचा आठवडा हलका ठेवा. कोणी समृद्धी महामार्गावर जाऊ म्हणाला तर ऐकू नका, तिथे दुचाकीलाच बंदी आहे.

आपल्या सिमेंट रोडचं एक सांगायलाच हवं. रोड आणि कडेचे गट्टू (सिमेंटचे ठोकळे) यांच्यामध्ये एक लांब फट असते, कुठे उंची कमीजास्त असते. गाडीला जागा द्यायला घाईने कडेला घेतलं की चाक त्या फटीत शिरतं आणि हँडल वळत नाही. कडेपासून हातभर आतच चालवा. खाली उतरायचंच असेल तर वेग कमी करून, चाक फटीला आडवं घेऊन उतरा.

प्रत्यक्ष दिवशी सुटायची वेळ पहाटे सहाची आहे. जानेवारीच्या शेवटी सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, म्हणजे पहिला तास जवळजवळ अंधाराचा. पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच. थंडी अशी की कामठी रोडला बोटं ब्रेकवर वळत नाहीत. हातमोजे घाला, आणि विंडचीटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची एक घडी ठेवा. ऊन आलं की काढून टाका. कानाला लागणारी थंड हवा मफलरने थांबते, पण छातीला लागणारी या कागदानेच.

कामठीपर्यंत गर्दीत गप्पा होतात. कन्हानचा पूल ओलांडला की कोळशाचे ट्रक भेटू लागतात, आणि तिथे गंमत संपते. एका रांगेत या. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक चिकटवू नका, घासलं तर पडतो तो मागचा. खड्डा दिसला तर हाताने दाखवून ओरडा, थांबायचं असेल तर आधी सांगा, मग ब्रेक दाबा. कोण पुढे गेलं ते बघू नका. ही शर्यत नाही, तरी दरवर्षी काही काकांना ती वाटतेच. मनसरला उजवीकडे वळलं की रस्ता शांत होतो, शेवटचे सहा-सात किलोमीटर सुखाचे. राइड गडाच्या पायथ्याशी संपते. दमलेल्या पायांनी गड चढायचा हट्ट नको, दर्शनाला गाडीने जा.

खाणं म्हणाल, तर आदल्या रात्री तिखट सावजी जेवण नको, सकाळी पोहे चालतील पण तर्रीशिवाय. वाटेत तासाला एक केळं किंवा चिक्की. बाटलीत लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, सपाट भरलेला. बायका वाटेत जायला जागा मिळणार नाही म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग मनसरला डोकं धरून बसतात. आयोजकांना आताच विचारा की स्वच्छतागृह कुठल्या थांब्यावर आहे. नसेल तर मार्गावरचे पेट्रोल पंप हेरून ठेवा.

मध्येच त्राण संपलं तर राइडच्या मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीत बसा. तुमच्या देणगीदारांपैकी कोणीही पाच किलोमीटरचे पैसे परत मागणार नाही. परतीला सायकली ट्रकमध्ये जातात, तेव्हा दिवे काढून घ्या, फ्रेमला जुनी चादर गुंडाळा आणि नावाची चिठ्ठी बांधा. त्याच संध्याकाळी देणाऱ्या प्रत्येकाला एकूण किती जमले ते कळवा. किराणावाल्यालासुद्धा, तोंडी.

राहिला तुमच्या १३ वर्षांच्या मुलाला सोबत न्यायचा प्रश्न. हायवेवर ट्रकांमध्ये त्याला नेऊ नका, आयोजक हो म्हणाले तरी नाही. मनसरच्या थांब्यावर केळी वाटायला आणि बाटल्या भरायला हात कमी पडतात, तिथे तो एखाद्या मोठ्या माणसासोबत उभा राहू शकतो. स्वयंसेवकांचा अर्ज बहुधा वेगळा असतो आणि तो लवकर बंद होतो, तेवढं उद्याच विचारून घ्या.