कथक विशारदची परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. घरी रियाजाला उभी राहिले की रडू येतं आणि लोकांसमोर पाठ असलेला चक्रदारसुद्धा चुकतो. मन घट्ट कसं करू?

मन घट्ट करायच्या मागे लागू नका, रियाजाची आखणी बदला. मी कथक शिकवते, म्हणून चक्रदारापासूनच, म्हणजे सलग तीनदा नाचून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपवायच्या रचनेपासूनच, सुरुवात करते.

लोकांसमोर छाती धडधडायला लागली की रोजचीच लय संथ वाटते. मग आपण तबलजींना लय वाढवायची खूण करतो, आणि तिसऱ्या पल्ल्यात, म्हणजे तिसऱ्या फेरीत, पाय मागे राहून सम निसटते. पाठांतर पक्कं असूनही हे होतं. म्हणून लेहऱ्याच्या, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणाऱ्या सुरावटीच्या, ॲपवर प्रत्येक बंदिशीची तुमची लय बघून वहीत आकड्यात लिहा, समजा मिनिटाला १८० मात्रा. परीक्षेला आत जाण्याआधी तोच लेहरा दोन मिनिटं कानाला लावा आणि त्याच लयीत पढंत करून, म्हणजे बोल तोंडाने म्हणून, तबलजींना लय द्या.

रोज रियाजाच्या शेवटी दोन मिनिटं द्रुत तत्कार (जलद लयीतलं पायांचं काम) करा आणि दम लागलेला असतानाच हातावर ताल धरून त्या चक्रदाराची पढंत करा. धडधडत्या छातीने समेवर यायची सवय लागते. जिथे जीभ अडखळेल तीच तुमची कच्ची जागा. तेवढेच बोल निम्म्या लयीत घोटा. घुंगरांची दोरी गुंडाळायला पाच मिनिटं लागतातच, तेवढ्यात चार मोजून श्वास घ्या, सहा मोजून सोडा.

आता रडण्याचं. परीक्षा आली म्हणून रियाज दोन तासांचा चार तास केला असेल, तर आधी तो कमी करा. थकलेल्या पायांनी घोटलेली चूकच पक्की होते. आठवड्यातून एक दिवस घुंगरांना हात लावू नका. चिल्ल्याच्या, म्हणजे चाळीस दिवसांच्या अखंड रियाजाच्या, गोष्टी ऐकून कॉलेज सांभाळत तसं काही करायला जाऊ नका, कळकळीने सांगते.

निम्मा रियाज आरशाकडे पाठ करून करा. व्हिडिओ त्याच रात्री बघू नका. दुसऱ्या दिवशी बघा, तेही एकच प्रश्न ठरवून: थाटात (सुरुवातीच्या उभं राहण्याच्या ढबीत) मनगट पडतं का? प्रश्न नसला की नजर पोटावर आणि दंडावर जाते. वजनावरून किंवा रंगावरून बोलणं ही तालीम नव्हे, मग ते गुरूंकडून का येईना. पोशाख बसावा म्हणून जेवण सोडू नका. उपाशी शरीराची झोप तुटते, चिडचिड होते, हाडं कमकुवत होतात. पाळी सलग तीन महिने आली नाही किंवा नडगी एकाच जागी दुखत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

गुरूंशी बोलताना 'मला जमत नाही' असं मोघम नको. 'तिसऱ्या पल्ल्यात पाय मागे राहतात आणि तिथे पोहोचायच्या आधीच भीती वाटते' असं सांगा, म्हणजे त्यांना नेमकं शिकवता येतं.

पण रडू, उडालेली झोप आणि नाचाबाहेरही कशातच मन न लागणं हे दोन आठवडे टिकलं, तर ते रियाजाने सुटणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करायचा विचार आला तर त्याच क्षणी घरच्या कुणाला तरी जवळ बोलवा आणि फोन लावा. परीक्षा पुढच्या सत्रातही देता येते.