उलट्या चाव्यासाठी दात पडण्याची वाट पाहू नये

आपल्या मुलीच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील, म्हणजे चावा उलटा असेल, तर ‘दुधाचे दात पडले की सगळे जुळेल’ या आजीच्या भरवशावर थांबू नये. ऑर्थोडॉन्टिस्टकडे (दात-जबडा जुळवणाऱ्या दंतवैद्याकडे) पहिली तपासणी 7 व्या वर्षापर्यंत करून घ्यावी. टाळूच्या मधला सांधा वयाबरोबर पक्का होत जातो, म्हणून अरुंद वरचा जबडा रुंदावणारे उपकरण लहानपणीच सोपे जाते. आमच्या मुलाच्या उपकरणाचा स्क्रू मी रात्री टॉर्चच्या उजेडात किल्लीने फिरवत असे. एका वेळेस जेमतेम पाव मिलिमीटर. पुढच्या दातांत फट पडली तेव्हा मी घाबरलो, पण ती अपेक्षितच असते. रुंदी मिळाल्यावरही उपकरण काही महिने तोंडात ठेवावे लागते. या काळात नाशिकची द्राक्षे खुशाल द्यावीत. बेदाणे मात्र स्क्रूभोवती चिकटतात.