ऑनलाइन सट्ट्यावरील बंदी आणि पतीने करून ठेवलेले कर्ज

प्रश्न : माझ्या पतींनी मोबाइलवरील सट्ट्याच्या अ‍ॅपवर बरीच रक्कम घालवली. त्यासाठी त्यांनी बँकेचे वैयक्तिक कर्ज काढले आणि एका ओळखीच्या गृहस्थांकडून तीन लाख रुपये हातउसने घेऊन त्यांना सही केलेला कोरा चेक दिला. ते गृहस्थ आता चेक बँकेत टाकण्याची धमकी देत आहेत आणि मी माझे दागिने मोडून पैसे फेडावेत, असा तगादा लावत आहेत. सरकारने हे खेळ बंद केले आहेत, मग त्यासाठी घेतलेले कर्ज बेकायदा ठरत नाही का? पतींनी काही मित्रांना अ‍ॅपची लिंक पाठवून बोनसही मिळवला होता. आता टेलिग्रामवरील एक अनोळखी माणूस ‘खाते वापरायला द्या, कमिशन देतो’ असे त्यांना सांगतो आहे. तक्रार केली तर आम्हीच अडकू का? आणि अशी बंदी असावी, असे आपल्याला वाटते का?

उत्तर : आपल्या पत्रात बँक खात्याचा उल्लेख ओझरता आला आहे, पण मला तोच सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. खाते, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिम असा संच ही माणसे कमिशनवर घेतात, सट्ट्यात हरणाऱ्यांचे आणि फसवणूक झालेल्यांचे पैसे त्यात जमा करून घेतात आणि काही मिनिटांत पुढच्या खात्यात वळवतात. फसलेल्यांपैकी एकाने जरी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, तरी पोलीस पैशांचा माग काढत आधी आपल्या पतींच्या खात्यापर्यंतच येतील. ते खाते गोठवले जाईल, पगारही त्यातच अडकेल आणि खातेदार म्हणून पहिले नाव आपल्या पतींचे असेल, कारण टेलिग्रामवरील माणसाचे खरे नाव आपल्यालाही ठाऊक नाही. हा व्यवहार कोणत्याही परिस्थितीत करू नये. कार्ड किंवा सिम दिले गेले असल्यास आजच बँकेला लेखी कळवून खात्यावरील व्यवहार थांबवावेत आणि अर्जाची पोचपावती घ्यावी.

आता कायद्याकडे येऊ. ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा केंद्राचा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला आणि त्याला 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केवळ खेळणाऱ्यासाठी या कायद्यात शिक्षा नाही. त्यामुळे ‘मी खेळलो आणि हरलो’ एवढे सांगितल्याने पती या कायद्याखाली आरोपी होत नाहीत. लिंक पाठवून बोनस घेणे ही बाब मात्र वेगळी आहे. खेळ पुरवण्यास साहाय्य करणे किंवा त्यासाठी प्रवृत्त करणे हेही कायद्याने मना केले आहे. दोन-चार मित्रांना पाठवलेली लिंक आणि ग्राहक आणून देण्याचा नियमित धंदा यांत न्यायालय फरक करील, असे मला वाटते. शिवाय एखादा कायदा अंमलात येण्यापूर्वी केलेल्या कृत्याबद्दल त्या कायद्याखाली शिक्षा देता येत नाही, हे संरक्षण राज्यघटनेच्या कलम 20 मध्येच आहे. तरीही यापुढे एकही लिंक पाठवू नये, आणि पोलिसांत जाण्यापूर्वी त्या संदेशांच्या तारखा लिहून काढून त्या वकिलाला दाखवाव्यात.

बंदी असावी का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय’ असे आहे. जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात स्पष्ट केले होते. म्हणजे बंदीचा अधिकार सरकारांकडे पूर्वीपासून होताच. अडचण दोन ठिकाणी होती. पहिली म्हणजे जुगार हा राज्यांच्या सूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदा करायचा विषय, आणि आपल्याकडचा 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा चार भिंतींचा अड्डा आणि तेथे पडणारी पोलिसांची धाड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला, तर फोनवरच्या खेळाला ना भिंती ना राज्याची हद्द. दुसरी अडचण कौशल्य आणि नशीब यांतल्या भेदाची होती. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय 1968 मध्ये झाला आणि पुढे त्याच्याच आधारावर पैशांचे ऑनलाइन खेळ उभे राहिले. नव्या कायद्याने हा भेदच बाजूला ठेवला: जिंकण्याच्या आशेने पैसे लावले जात असतील, तर खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हे पाहायचे नाही. मला हे पटते, कारण कर्जात बुडणाऱ्या माणसाचे पैसे दोन्हींत सारख्याच वेगाने जातात आणि तो किती वाजता, किती हरल्यावर पुन्हा पैसे भरतो याची संपूर्ण नोंद फक्त समोरच्या कंपनीकडे असते. बंदीमुळे लोक परदेशातून चालणाऱ्या बेकायदा अ‍ॅपकडे वळतील, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच या कायद्यात बँकांना आणि पैसे पाठवण्याच्या सेवांना असे व्यवहार करण्यास केलेली मनाई मला कैदेच्या तरतुदीपेक्षा महत्त्वाची वाटते. कायद्याच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या, वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या आहेत.

पण या बंदीने आपले कर्ज आपोआप माफ होत नाही. बँकेला पैसे कशासाठी हवेत हे ठाऊक नव्हते, म्हणून ते कर्ज पूर्णपणे वैध आहे. हप्ते झेपत नसल्यास बँकेकडे परतफेडीची मुदत वाढवण्याचा लेखी अर्ज करावा. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

हातउसन्या रकमेची गोष्ट निराळी आहे, आणि तेथे आपल्याला खरा बचाव आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, म्हणजे त्याच्या आधारे न्यायालयातून पैसे वसूल करता येत नाहीत, पण त्यासाठी तिसऱ्याने दिलेले कर्जही निरर्थक ठरते असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये घेरूलाल पारख खटल्यात सांगितले. मात्र जुन्या मुंबई प्रांतासाठी 1865 चा एक स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यानुसार पैजेला हातभार लावण्यासाठी जाणूनबुजून केलेला करारही निरर्थक ठरतो. आपला पत्ता त्या जुन्या प्रांताच्या हद्दीतला आहे. म्हणून सारा भर ‘जाणूनबुजून’ या शब्दावर राहील: पैसे सट्ट्यासाठी आहेत हे त्या गृहस्थांना देतेवेळी माहीत होते का? ‘आज मॅच आहे, वीस हजार पाठव’ असा पतींचा संदेश आणि त्याखाली पैसे पाठवल्याचा त्यांचा स्क्रीनशॉट असेल, तर तोच आपला मुख्य पुरावा होय. त्यांनी रक्कम थेट अ‍ॅपच्या एजंटाला पाठवली असेल, तर बचाव आणखी बळकट होतो. लाज वाटली म्हणून संभाषण पुसून टाकू नये आणि तो फोनही विकू नये.

चेक वटला नाही, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या, म्हणजे चेक, हुंडी यांसंबंधीच्या कायद्याच्या, कलम 138 खाली खटला होऊ शकतो. सही केलेला कोरा चेक स्वखुशीने दिला असेल, तर तो एखादे देणे फेडण्यासाठीच दिला असे न्यायालय सुरुवातीला गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी पतींवर येते. ‘स्टॉप पेमेंट’ केल्याने, म्हणजे चेकचे पैसे देऊ नका असे बँकेला कळवल्याने, यातून सुटका होत नाही. रकमेची मागणी करणारी नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी पंधरा दिवसांचा अवधी असतो. त्याच अवधीत, पैसे सट्ट्यासाठीच दिले होते हे नमूद करणारे सविस्तर उत्तर वकिलामार्फत पाठवावे. पाकिटावर नोटीस मिळाल्याची तारीख टाकून तेही जपून ठेवावे. हे गृहस्थ इतरांनाही व्याजाने पैसे देत असतील आणि त्यांच्याकडे सावकारीचा परवाना नसेल, तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, 2014 खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते.

दागिन्यांविषयी निश्चिंत राहावे. ते आपले स्त्रीधन असून त्यावर पतींच्या सावकाराचा कोणताही हक्क नाही. आपण सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर पतींच्या देण्याला आपण जबाबदार नाही. ‘नुसती नावापुरती सही करा’ असे म्हणून ते गृहस्थ एखादा कागद पुढे करतील; त्यावर सही करू नये, दागिन्यांच्या पावत्या स्वतःजवळ ठेवाव्यात आणि ते घरी येऊन धमकावू लागल्यास त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.