राक्षसाचे वर्णन आणि राक्षसाचे आकडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बडोद्यातील खेळगटांच्या पत्रांतून एकच गोंधळ वारंवार समोर येतो : राक्षस शब्दांत रंगवायचा की आकड्यांत बसवायचा? खालील आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रे रंगवून खेळायच्या कथाखेळाच्या 2014 च्या नियमांतील आहेत. आपला गट नंतरची आवृत्ती वापरत असल्यास ते आधी आपल्या डीएमकडून (खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराकडून) पडताळून घ्यावेत.

प्रश्न : घूल या प्रेतभक्षक राक्षसाच्या नख्यांनी एल्फ (टोकदार कानांच्या वंशाचे पात्र) जागीच जखडला जातो का? (मांजलपूर)

नाही, जखडण्याच्या त्या नियमातून एल्फ स्पष्टपणे वगळलेले आहेत.

प्रश्न : एका व्हिडिओत सांगितले, की गॉब्लिन या छोट्या राक्षसाचे चॅलेंज रेटिंग (तो किती अवघड, याचा आकडा) पाव असल्यामुळे आठ गॉब्लिन मिळून दोनच होतात, आणि पहिल्या लेव्हलचे चार खेळाडू त्यांना सहज हरवतात. हे खरे का? (सयाजीगंज)

मुळीच नाही. रेटिंगची अशी बेरीज करायचीच नसते. एका गॉब्लिनचे 50 एक्सपी (अनुभवाचे गुण), आठांचे 400. पण शत्रू सात ते दहा असतील, तर लढतीची अवघडता ठरवताना हा आकडा अडीचपट धरतात, म्हणजे 1000. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी प्राणघातक लढत 400 पासूनच सुरू होते. शिवाय प्रत्येक गॉब्लिन हल्ला करून त्याच टर्नमध्ये (पाळीत) लपण्याचा प्रयत्न करू शकतो. व्हिडिओ पाहण्यात घालवलेल्या वेळात नियमपुस्तकातले ते एक कोष्टक वाचून झाले असते. गटात जखमा भरून काढणारे कोणी आहे की नाही हे पाहावे, अनुभवी डीएमशी बोलावे आणि मगच संख्या ठरवावी.

प्रश्न : विश्वामित्री नदीतल्या मगरीवरून राक्षस तयार केला, पानभर वर्णन लिहून वाचून दाखवले, पण लढाई सुरू झाल्यावर ती नुसती चावत राहिली आणि खेळाडू कंटाळले. काय चुकले? (दांडिया बाजार)

आपण वर्णनासोबत आकडेही पाठवलेत, हे फार बरे केलेत. वर्णनात निखाऱ्यांसारखे डोळे आहेत, युगानुयुगांची भूक आहे, शापित जबडा आहे. मात्र खेळाडूने ते ऐकून करायचे काय, हे त्यात कोठेही नाही. नुसती फोडणी तडतडली, भाजी पडलीच नाही. वर्णनातल्या प्रत्येक तपशिलाने खेळाडूच्या हाती निर्णय घेण्याजोगे काही तरी द्यावे, आणि राक्षसाच्या प्रत्येक नियमाची खूण तो लागू होण्याआधी डोळ्यांना दिसावी, एवढाच माझा आग्रह आहे, आणि तो मी सोडणार नाही.

नियमपुस्तकातली साधी मगरच घ्या. आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) 12, हिट पॉइंट्स (किती मार सोसेल, तो आकडा) 19, जमिनीवर वेग 20 फूट, पाण्यात 30 फूट, आणि श्वास रोखून धरण्याची क्षमता 15 मिनिटे. तिच्या चाव्यात सापडलेले पात्र पकडले जाते, सुटण्यासाठी 12 च्या डीसीवर (फाशाने गाठायच्या आकड्यावर) मात करावी लागते, आणि ती पकड असेपर्यंत मगर दुसऱ्या कोणाला चावू शकत नाही. आपण ती पाण्याबाहेर उभी करून चावायला लावलीत, म्हणजे तिचे अर्धे नियम वायाच घालवलेत. तिने पकडलेल्याला पाण्यात ओढले पाहिजे. ओझ्यामुळे तिचा वेग निम्मा होऊन टर्नला 15 फूट उरतो. ज्याला पोहण्याचा वेग नाही असा, एरवी 30 फूट चालणारा साथीदारही पाण्यात 15 फूटच जातो. अंतर कमी करायचे तर त्याला हल्ला सोडून डॅश (त्याच टर्नमध्ये जादा धाव) घ्यावा लागेल. येथे खेळाडू खुर्चीत पुढे सरकतात.

वर्णन याच्या सेवेला लावावे. आपल्या नदीतल्या मगरी काठात बिळे खणतात. तेव्हा लढाईपूर्वी दोनच वाक्ये सांगावीत : चिखलात पोट घासत गेल्याची ओली खूण आहे, आणि ती पाण्यात अर्धे बुडालेल्या एका बिळाच्या तोंडाशी संपते. पकडलेल्याला कोठे नेणार हे खेळाडूंना कळले. त्यांनी दुर्लक्ष केले तर दोष त्यांचा.

उलट चूक ट्रोलच्या बाबतीत होते. 84 हिट पॉइंट्सचा हा प्राणी दर टर्नच्या सुरुवातीला 10 भरून काढतो, आणि आग किंवा आम्ल लागले तरच पुढच्या टर्नला ते थांबते. हे लपवून ठेवणाऱ्या डीएमला मी चतुर म्हणत नाही. ट्रोलच्या खांद्यावर एक जुना, न भरलेला भाजल्याचा डाग दाखवावा.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. ऑगस्ट 2024 च्या पुरात मगरी खरोखरच शहराच्या वस्तीत आल्या होत्या. गटात कोणाच्या घरात तेव्हा पाणी शिरले असेल, तर हा प्रसंग मांडण्यापूर्वी त्यांना एकांतात विचारावे.

प्रश्न : पाचशे राक्षसांचा संग्रह सवलतीत मिळत आहे, मुदत आज रात्रीपर्यंतच. घ्यावा का? (अलकापुरी)

अशी मुदत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू होते. नाव नवे, चित्र झगमगीत आणि आकडे अस्वलाचेच, असा माल मी पुष्कळ पाहिला आहे. आधी नमुन्याचे एक पान मागावे आणि आपल्या डीएमला दाखवावे. मूळ नियमांचा 5.1 हा संदर्भसंच जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. गॉब्लिन, घूल, ट्रोल आणि मगर हे चारही त्यात आहेत.

प्रश्न : गेल्या दिवाळीपासून राक्षस लिहीत आहे, अजून समाधान होत नाही. मोहीम कधी सुरू करावी? (रावपुरा)

येत्या रविवारी, एकाच राक्षसासह. कागदावर तो आणखी सुधारणार नाही. दोन मित्रांना बसवून तीन फेऱ्या खेळून पाहाव्यात, आणि त्यांनी कोणत्या वाक्यानंतर प्रश्न विचारला व कोणत्या वाक्याला मोबाइल उचलला, हे टिपून मला कळवावे.