आडमापाच्या गादीसाठी इलॅस्टिकची चादर घरी शिवता येईल का?

तुम्ही विचारले आहे की, सुताराकडून करून घेतलेल्या पलंगावरची तुमची काथ्याची गादी ७५ × ६६ इंच आणि ५ इंच जाड आहे. बाजारात मिळणारी ७८ × ७२ मापाची फिटेड चादर तिच्यावर सैल पडते आणि त्याखालचे माप पुरत नाही. तेव्हा अशी चादर घरी शिवणे जमेल का, आणि इलॅस्टिक चारही बाजूंनी लावावे की फक्त कोपऱ्यांना. माझ्या घरातल्या सर्व गाद्यांच्या चादरी मी स्वतः शिवते, म्हणून सांगते की ज्याला सरळ टीप मारता येते त्याला हे काम नक्की जमते. ब्लाउज शिवण्याच्या मानाने तर ते अगदीच सोपे आहे. गादी बाजारातल्या ठरलेल्या मापाची असती, तर तयार चादर विकत घ्या असेच मी म्हटले असते, कारण कापड, इलॅस्टिक आणि वेळ यांचा हिशेब केला तर पैशांची फारशी बचत होत नाही. तुमच्यासारख्या आडमापाच्या गादीसाठी मात्र घरी शिवणे हाच सरळ मार्ग आहे.

चादर नीट बसणार की नाही हे मशीनवर ठरत नाही, ते कापड कापण्याआधी ठरते, आणि बहुतेकांचे लक्ष लांबी-रुंदीकडे असताना चूक होते ती जाडीत. टेप गादीच्या वरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न ओढता टाकावी आणि लांबी व रुंदी प्रत्येकी दोन ठिकाणी मोजावी, कारण सुताराच्या पलंगात बसवलेली गादी डोक्याकडे आणि पायांकडे सारखीच रुंद असेल असे नाही. जाडी कोपऱ्याजवळ मोजावी. मध्यभागी गादी दबलेली असते. आता प्रत्येक बाजूला तीन गोष्टी मिळवायच्या असतात: गादीची जाडी, गादीखाली वळणारा भाग आणि नेफ्याची दुमड. गादीखाली निदान ३ इंच कापड जायला हवे. एक-दीड इंचावर भागवले तर कुशीवर वळताक्षणी कोपरा निसटतो. नेफ्यासाठी १ इंच पुरतो, म्हणजे पाव इंच आत मोडून पाऊण इंचाचा नेफा तयार होतो. तुमच्या गादीला ५ + ३ + १ असे ९ इंच एका बाजूला लागतील, म्हणून लांबी ७५ + १८ = ९३ आणि रुंदी ६६ + १८ = ८४ इंच. या दोन्ही मापांत अर्धा-अर्धा इंच मोकळीक धरावी. चादर ढोलावरच्या कातड्यासारखी ताठ बसावी असे कितीही वाटले, तरी ती मोकळीक ठेवली नाही तर चौथा कोपरा चढवताना पहिल्याची शिवण उसवते.

हे माप धुऊन आटलेल्या कापडाचे आहे, हे विसरू नये. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच सहज आटते, आणि बहुधा उभ्या धाग्याच्या दिशेने ते अधिक आटते, म्हणजे नेमके चादरीच्या लांबीत. ९३ इंचांवर पाच टक्के म्हणजे साडेचार इंचांहून जास्त. गादीखाली वळणाऱ्या कापडातले दोन्हीकडचे सव्वादोन-सव्वादोन इंच त्यातच गेले, तर पहिल्या धुण्यानंतर चादर गादीवर चढणारच नाही. म्हणून कापड आणल्यावर आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून खळ काढावी आणि पुढे ते ज्या पद्धतीने धुतले जाणार आहे त्याच पद्धतीने एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करावी. चादरी गरम पाण्यात धुण्याची घरात सवय असेल तर हे धुणेही गरम पाण्यातच व्हायला हवे. नेमके किती आटले हे पाहायचे असल्यास धुण्याआधी कापडाच्या एका कोपऱ्यात बॉलपेनने १० इंचांचा चौकोन आखावा आणि नंतर तो पुन्हा मोजावा. साडेनऊ भरला तर पाच टक्के आटले. दुकानदाराने ‘हे आटत नाही’ असे कितीही सांगितले, तरी मी हा चौकोन आखतेच.

कापडाच्या बाबतीत पहिला प्रश्न पन्ह्याचा असतो. चादरीसाठी ९०, १०० किंवा १०८ इंच पन्ह्याचे सुती कापड मिळते. मुंबईच्या मंगलदास मार्केटसारख्या मोठ्या कापडबाजारात ते मीटरवर घेता येते. मात्र तुमच्या मापाचा विचार केला तर त्याहून सोपा उपाय म्हणजे ९० × १०० इंचांची साधी, बिनइलॅस्टिकची डबल बेडशीट विकत घेऊन तिचीच फिटेड चादर करणे. पाच टक्के आटल्यानंतरही ती सुमारे ८५ × ९५ उरते आणि तुम्हाला साडेचौऱ्याऐंशी बाय साडेत्र्याण्णवच हवे आहे. तिच्या कडांची जुनी दुमड तेवढी उसवून घ्यावी, कारण ती तशीच ठेवून वर नेफा मोडला तर जाड गाठ होते आणि रुंदीतला जो अर्धा इंच हाताशी राहतो तोही जातो. घरात आधीपासून असलेली, चार-सहा वेळा धुतलेली बेडशीट वापरली तर आटण्याची काळजी उरत नाही, फक्त ती मध्यभागी विरलेली नाही ना हे उजेडासमोर धरून पाहावे. सोलापुरी चादर मात्र यासाठी कापू नये. तिची वीण जाड असते, कापल्यावर धागे सुटत राहतात, चार पदर एकत्र आले की घरगुती मशीनची सुई अडते, आणि खरे सांगायचे तर ती अंगावर घ्यायची वस्तू आहे.

मोठा पन्हा मिळालाच नाही आणि जोड द्यावा लागला, तर तो चादरीच्या मधोमध देऊ नये, पाठीला रात्रभर टोचतो. ७० इंचांच्या आसपासची रुंदी मधल्या सलग तुकड्याला द्यावी आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडाव्यात, म्हणजे जोड गादीच्या कडेखाली, उभ्या बाजूवर येतो आणि दिसतही नाही. कापड सुती आणि साधे असेल तर कात्रीने कापण्यापेक्षा छोटी खाच देऊन फाडावे. ते धाग्यावर सरळ फाटते आणि चादर धुतल्यावर तिरकी होत नाही. छापील कापडात कधी कधी छपाईच धाग्याला तिरकी असते, अशा वेळी रेघांचे किंवा चौकड्यांचे कापड फाडले की रेघा गादीच्या कडेशी वाकड्या दिसतात. म्हणून पहिल्या चादरीला बारीक फुलांचे किंवा एकरंगी कापड निवडावे.

आता कोपरे. कापडाच्या चारही कोपऱ्यांत ९ इंचांचा चौकोन नको असतो, पण शिवणीसाठी अर्धा इंच ठेवायचा असल्यामुळे कापायचा तो साडेआठ इंचांचा. कापण्याआधी चादर उलटी करून गादीवर पसरावी, चारही बाजूंना सारखे कापड लोंबते आहे ना हे पाहावे आणि कोपरे टाचण्यांनी गादीच्या उभ्या धारेवर टाचून बघावेत. आखलेली रेघ आणि टाचण्यांची रेघ जुळली की मगच कात्री लावावी. हे दहा मिनिटांचे काम कंटाळवाणे वाटते, पण कापलेला चौकोन परत जोडता येत नाही. कोपऱ्याची शिवण दोनदा मारावी: आधी कापडाची उलटी बाजू आत ठेवून, म्हणजे सुलट बाजू बाहेर दिसत असताना, कडेपासून पाव इंचापेक्षा किंचित कमी अंतरावर एक टीप, मग सुटलेले धागे छाटून कापड उलटवावे, शिवण बोटाने नीट दाबावी आणि पहिल्या टिपेची कड आत झाकली जाईल अशी पाव इंचावर दुसरी टीप. दोन्ही मिळून अर्धा इंच भरतो, धागे आत बंद होतात आणि इंटरलॉक करायला दुकानात जावे लागत नाही. टीप चादरीच्या पृष्ठभागाकडच्या टोकापासून सुरू करावी आणि त्या टोकाला दोन-तीन टाके मागे घेऊन पक्की करावी, कारण चादर चढवताना सगळा ताण तेथेच येतो. तुमच्या गादीचे कोपरे गोलसर असतील तर शिवण अर्धा इंच आणखी आत घ्यावी, नाहीतर कोपऱ्यावर कापडाचा कान उभा राहतो.

यासाठी १४ नंबरची सुई पुरते. नेफा कोपऱ्याच्या शिवणीवरून जातो तेथे मशीन कुरकुरत असेल तर १६ नंबरची लावावी आणि त्या दोन इंचांत पायडल न मारता चाक हाताने फिरवावे. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण चादर ओढली जाते, पिळली जाते, आणि अशा ठिकाणी सुती दोरा कापडाच्या आधी तुटतो.

इलॅस्टिकबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते चारही बाजूंनी लावावे. कोपऱ्यांपुरते लावायचे असेल तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच कापड घेऊन त्यावर बारा इंचांचे इलॅस्टिक ताणून बसवतात. त्यात इलॅस्टिक कमी लागते आणि हलक्या, एकट्याच्या गादीवर ते टिकतेही. पण दोन माणसे झोपत असतील, किंवा लहान मूल गादीवर नाचत असेल, तर लांब बाजूंचे मोकळे कापड सकाळपर्यंत वर आलेले असते. तुमच्या चादरीचा घेर २ × (७५ + ६६) म्हणजे २८२ इंच होतो, आणि इलॅस्टिक त्याच्या साधारण सत्तर टक्के, म्हणजे १९७ इंच, सुमारे पाच मीटर घ्यावे. गादीखाली तीन इंच आत गेलेल्या कडेचा घेर २५८ इंच असतो, त्यामुळे इलॅस्टिक नेहमी थोडे ताणलेलेच राहते आणि तरीही चढवताना पुरेसे सुटते. अर्धा इंच रुंदीचे घ्यावे. त्याहून बारीक इलॅस्टिक नेफ्यात पीळ खाते. पुण्यात राहत असाल तर रविवार पेठेत ते पूर्ण रोलने घेणे किरकोळीपेक्षा स्वस्त पडते, आणि एकदा चादरी शिवायला लागल्यावर रोल वाया जात नाही.

काही जण इलॅस्टिक ताणून सरळ कापडावर झिगझॅग टाक्याने शिवतात. कारखान्यातल्या चादरीही बहुधा अशाच असतात, आणि म्हणूनच कापड चांगले असतानाही त्या टाकून द्याव्या लागतात. इलॅस्टिक कापडाच्या आधी मरते. कडक ऊन, गरम पाणी आणि ब्लीच या तिघांनी ते सैल पडते, आणि शिवलेले असेल तर ते उसवून काढणे कोणालाच नको असते. नेफा केला तर जुने ओढून काढून नवे घालायला फार वेळ लागत नाही. नेफा शिवताना पायांकडच्या बाजूला मधोमध तीन इंच उघडे ठेवावे, इलॅस्टिकच्या एका टोकाला सेफ्टी पिन लावून ते ओवावे आणि दुसरे टोक नेफ्याच्या तोंडाशी टाचून ठेवावे, नाहीतर शेवटी दोन्ही टोके आत गायब होतात. ओवण्याआधी इलॅस्टिकवर चार समान भागांच्या खुणा केल्या आणि ओवल्यावर त्या चादरीच्या चारही बाजूंच्या मध्याशी आणून ठेवल्या, तर चुण्या सगळीकडे सारख्या पडतात. टोके अर्धा इंच एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारावी, आणि चारही कोपऱ्यांवर नेफ्याला आडवी एक-एक टीप मारावी, म्हणजे इलॅस्टिक एका बाजूला गोळा होत नाही. या आडव्या टिपा इलॅस्टिक बदलताना उसवाव्या लागतात, पण ते चार ठिकाणांचेच काम असते.

तुमची गादी काथ्याची आहे, म्हणून वरचा हिशेब चालतो. हेच कापसाच्या किंवा सावरीच्या गादीला चालणार नाही, हे इतर वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. पिंजून भरलेली गादी मध्यभागी फुगीर आणि कडेला पातळ असते, उन्हात टाकली की फुगते, महिन्याभरात बसते. तिची जाडी उन्हातून काढल्यावर, ती सर्वांत फुगलेली असताना घ्यावी, खाली ३ ऐवजी ५ इंच कापड ठेवावे आणि इलॅस्टिक चारही बाजूंनी लावण्याला पर्याय नाही असे समजावे. डबल पलंगावर ३६ इंची दोन गाद्या शेजारी ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत आहे. त्या काथ्याच्या असतील तर दोन्हींवर मिळून एकच चादर शिवावी, इलॅस्टिकच्या ओढीने मधली फट मिटते. कापसाच्या असतील तर प्रत्येकीला वेगळी चादर शिवावी, कारण त्या वेगवेगळ्या दबतात आणि एकच चादर मधल्या खळग्यात कायम चुरगळलेली राहते.

९० × १०० च्या बेडशीटमधून कापलेले साडेआठ इंचांचे चार चौकोन उरतील. ते फेकू नयेत. त्याच कापडाचे असल्यामुळे पुढे चादर पायांशी विरली की आतून ठिगळ द्यायला तेच जुळतात, फक्त चादरीबरोबर तेही अधूनमधून धुवावेत, म्हणजे रंग सारखा उतरतो.