मोठी संख्या हाती घेताना

तू विचारलंस, मोठी संख्या समोर आली की पहिलं काय बघायचं. आपल्या नागपूरच्या जीपीओचा पिनकोडच घे, ४४०००१.

अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. भागलंस की उरतात ४८८८९. इथे नवीन मुलं घाई करतात. ७ नाही, ११ नाही, १३ नाही, की लगेच 'मूळ संख्या' लिहून मोकळी होतात. असं करू नकोस. ४८८८९ चं वर्गमूळ २२१ च्या जरा वर येतं, म्हणून २११ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या लावून पाहा. ९७ ला बाकी १ उरते, ८३ ला २. अगदी थोडक्यात हुकतं, पण नि:शेष भाग कुठेच जात नाही. ती खरोखर मूळ आहे. एकदा तरी हे सगळं कागदावर कर, कॅल्क्युलेटर नंतर.

४४०००१ चे विभाजक सहाच, ते पटकन होतात. खरी गंमत पुढे आहे. ४८८८९ ला ४ ने भागलं की बाकी १. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. फ्रेंच गणिती फर्माने हे १६४० मध्ये सांगितलं, सिद्धता पुढे स्विस गणिती ऑयलरने दिली. २०८ चा वर्ग अधिक ७५ चा वर्ग, करून बघ. दोन्ही तिप्पट केलेस की ६२४ आणि २२५, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज नेमकी ४४०००१! मला हे फार सुंदर वाटतं.

आता ४४००१० घे. ९० ने भाग, आणि जे उरेल त्याचे दोन वर्ग तू शोध.